प्रश्न चुकला, नापास मात्र शेतकरी!

'तुला मराठी येतं ना? मग ही प्रश्नावली दोन दिवसांत मराठीत करून टाक.'

व्हेटर्नरी, कृषी, समाजकार्य, झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, यातल्या कुठल्याही शाखेत असाल तर हे वाक्य तुम्ही ऐकलंय, नाहीतर लवकरच ऐकाल. परदेशातल्या किंवा दिल्ली-बंगळुरूच्या एखाद्या संस्थेचा प्रकल्प असतो. विषय असतो गाईम्हशींचे आजार, जनावरांतून माणसांत येणारे रोग, अँटिबायोटिकचा वापर नाहीतर भटकी कुत्री. चाळीस प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली आधीच तयार असते. तीच आफ्रिकेतल्या एखाद्या देशात विचारायची असते आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातही. सॅम्पल किती घ्यायचं यावर बैठका झालेल्या असतात, सॉफ्टवेअर ठरलेलं असतं, एथिक्स कमिटीची परवानगी आलेली असते. राहिलेलं असतं फक्त एक 'किरकोळ' काम, भाषांतर. आणि ते येतं टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर, सगळ्यात कमी मानधनाच्या पोराकडे किंवा पोरीकडे.

माझं म्हणणं सरळ आहे. हे काम किरकोळ नाही. संशोधन इथेच घडतं किंवा इथेच बिघडतं. आणि बिघडलं तर त्याची किंमत ना आपण भरतो, ना प्रकल्प. ज्यांच्या गोठ्यात उभं राहून आपण प्रश्न विचारतो, ती माणसं भरतात.

'गर्भपात' नाही झाला, पण गाय गाभडली

ब्रुसेलोसिस हा जनावरांपासून माणसांना होणारा एक महत्त्वाचा आजार. गाय-म्हैस गाभण असताना शेवटच्या महिन्यांत वासरू टाकते, वार अडकते. गोठ्यात ही घाण उघड्या हातांनी उचलणाऱ्याला किंवा कच्चं दूध पिणाऱ्याला लागण होऊ शकते. माणसाला येऊन-जाऊन ताप येतो, सांधे धरतात, आणि पुष्कळदा नेमकं काय झालंय तेच कळत नाही. त्यामुळे या विषयावरच्या प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या जनावरांमध्ये 'अबॉर्शन' झालं का?

आपण शब्दकोश काढतो. अबॉर्शन म्हणजे गर्भपात. लिहिलं. आता कल्पना करा, सर्वेक्षणाला गेलेली मुलगी गोठ्यात उभी राहून विचारते, 'मावशी, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या जनावरांमध्ये गर्भपाताची घटना घडली का?' मावशी जरा बिचकतात. गर्भपात हा शब्द त्यांनी ऐकलाय, पण दवाखान्यातला, बाईमाणसाच्या बाबतीतला, कुजबुजत बोलायचा. 'नाही गं बाई, आमच्याकडे तसलं काही नाही.' मुलगी 'नाही'वर टिक करते. निघता निघता मावशीच सांगतात, 'ती तांबडी पोळ्याच्या आधी गाभडली, तेव्हापासून दुधाचं काही खरं नाही बघ.'

गाभडणे. गावात जनावरासाठी हाच शब्द आहे. नेमका, रोजचा, लाज नसलेला. तो प्रश्नावलीत नव्हता म्हणून त्या गोठ्यातली घटना कागदावर घडलीच नाही.

याच प्रश्नावलीत पुढे असतं, 'तुम्हाला ब्रुसेलोसिस हा आजार माहीत आहे का?' मावशी म्हणतात, नाही. सरकारी पत्रकातलं नाव, 'सांसर्गिक गर्भपात', हेही त्यांनी ऐकलेलं नसतं. पण पाठोपाठ दोन गाई गाभडल्या की काहीतरी पसरतंय, हे त्यांना कळतं. गाभडलेली गाय बाकीच्यांपासून लांब बांधायची, हेही त्यांना ठाऊक असू शकतं. त्यांचं हे ज्ञान मोजणारा प्रश्नच नाही. मग शोधनिबंधात वाक्य येतं: 'पशुपालकांमध्ये जागरूकतेचा मोठा अभाव आढळला.' भाषांतर आपलं कच्चं, आणि अज्ञान जमा होतं त्यांच्या नावावर. परीक्षेत प्रश्नच चुकीचा छापला तर आपण विद्यापीठासमोर आंदोलन करून सरसकट मार्क मागतो. या मावशींना ती सोय नाही. आपण नापास झालोय, हे त्यांना कधी कळतही नाही.

एकच शब्द, भलताच अर्थ

वाटतं तेवढं हे एकट्या गर्भपाताचं प्रकरण नाही. 'घटसर्प' घ्या. पशुवैद्यकाला विचारलंत तर पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना होणारा, गळा सुजवणारा जीवघेणा आजार. त्याची लस पावसाळ्याआधी देतात. मानवी वैद्यकात घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, लहान मुलांना होणारा. दोन्ही जिवाणूंमुळे होतात, पण जिवाणू वेगळे, आजार वेगळे, लसी वेगळ्या. आता 'जनावरांपासून माणसांना कोणते आजार होतात?' या प्रश्नाखाली पर्यायांत नुसता 'घटसर्प' लिहिला, तर कुणी कशाला टिक केली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

'वासरू' हा तर इतका साधा शब्द, यात काय चुकणार? इंग्रजीत गाईचं पिल्लू आणि म्हशीचं पिल्लू दोघांनाही एकच शब्द चालतो. मराठीत गाईचं ते वासरू, म्हशीचं ते रेडकू किंवा पारडू. ब्रुसेलोसिसची लस राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या मादी पिल्लांना देतात, गाईच्याही आणि म्हशीच्याही. चार म्हशी पाळणाऱ्या काकांना 'किती वासरांना लस दिली?' विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगणार, 'वासरं नाहीत आमच्याकडं.' फॉर्मवर पडलं शून्य. लस न पोहोचलेल्या घरांत आणखी एका घराची भर.

लसीचंच आणखी एक. जनावराला सुई मारली की झालं 'इंजेक्शन'. ती लस होती, तापाचं औषध होतं की कॅल्शियम, हे वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही. 'इंजेक्शन दिलं का?' असं सैल विचारलं की लसीकरण फुगतं, 'लसीकरण केलेले आहे का?' असं सरकारी विचारलं की आक्रसतं. गाव तेच, जनावरं तीच, टक्केवारी वेगळी.

आणि रेबीजच्या सर्वेक्षणात 'जनावर चावलं का?' असं लिहिणार असाल तर जरा थांबा. अनेक गावांत, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर निघालं' म्हणजे साप निघाला. तुम्ही कुत्रा, मांजर, माकड मनात धरून विचारताय, आणि आजोबा तुम्हाला शेताच्या बांधावरच्या नागाची गोष्ट सांगताहेत.

शहरातही सुटका नाही. 'तुमच्याकडे पाळीव प्राणी आहेत का?' पुण्यातल्या सोसायटीत याचा अर्थ लॅब्राडोर किंवा पर्शियन मांजर. गावात शेळी, कोंबडी, बैल, सगळेच पाळीव. आणि गल्लीतला तो काळू, ज्याला पाच घरं भाकरी टाकतात, तो कुणाचा? 'तुमचा कुत्रा आहे का?' याला पाचही घरं 'नाही' म्हणतील. 'तुम्ही कुत्र्याला रोज खायला घालता का?' याला पाचही 'हो' म्हणतील. रेबीज रोखायचा तर साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ७० टक्के कशाचे? आधी एकूण कुत्री नीट मोजायला हवीत, आणि ती मोजणी 'तुमचा' या एका शब्दावर अडकलेली असते.

'प्रतिकार' वाढला की चांगलंच ना?

सगळ्यात धोकादायक शब्द मात्र दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आहे: प्रतिकार. जंतूंवर अँटिबायोटिकचा परिणाम होईनासा होणं याला इंग्रजीत 'रेझिस्टन्स' म्हणतात. आपण त्याचं 'प्रतिकार' केलं. पण 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द कोविडनंतर घराघरात पोहोचलाय. प्रतिकार म्हणजे चांगली गोष्ट, काढ्याच्या बाटलीवर छापतात ती. मग 'अँटिबायोटिकच्या वापराने जनावरांत प्रतिकार निर्माण होतो का?' असं विचारलं आणि शेतकरी दादा 'हो, होतो की' म्हणाले, तर त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं? औषध निकामी होतं, की जनावर तगडं होतं? कागदावर दोघांचीही टिक एकाच चौकटीत.

हा घोळ फक्त मराठीतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह १२ देशांत याविषयी लोकांची समज तपासली. त्यात ७६ टक्के लोकांना वाटत होतं की रेझिस्टन्स म्हणजे माणसाच्या शरीराला औषधाची सवय होणं. खरं तर बदलतात ते जंतू. शब्दाने शरीराकडे बोट दाखवलं की डोकंही तिकडेच जातं. 'औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही, डोस वाढवावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं, असं झालंय का?' असं विचारलं तर लांबलचक होतं खरं, पण उत्तराला अर्थ राहतो.

उलटं भाषांतर केलं की झालं?

प्रकल्पाचे प्रमुख म्हणतील, आम्ही 'बॅक-ट्रान्सलेशन' करतो. म्हणजे मराठी प्रश्नावली दुसऱ्या माणसाकडून, मूळ इंग्रजी न दाखवता, परत इंग्रजीत करून घ्यायची आणि दोन्ही इंग्रजी प्रती ताडून बघायच्या. ही पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या १९७० च्या लेखापासून जगभर रुळली. पद्धत कामाची आहे. गळालेला शब्द, उलटलेला नकार ती पकडते.

पण तिची मर्यादा बघा. 'गर्भपात'चं उलटं भाषांतर करा, 'अबॉर्शन' येईल. 'प्रतिकार'चं करा, 'रेझिस्टन्स' येईल. 'वासरू'चं करा, 'काफ' येईल. दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात, सगळे खूश, आणि गोठ्यातली मावशी अजूनही 'नाही'च म्हणतेय. कारण दोन्ही भाषांतरकार कॉलेजात शिकलेले. दोघांचा शब्दकोश एकच. चाचणीत गावच नाही.

आता तर मोबाइलवर क्षणात भाषांतर होतं. वाक्य गुळगुळीत येतं, व्याकरण बरोबर असतं. म्हणूनच जास्त जपायला हवं. ओबडधोबड भाषांतर निदान खटकतं तरी.

युरोपियन सोशल सर्व्हे हे बहुभाषिक सर्वेक्षण यासाठी एक क्रम पाळतं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग एकत्र बसून चर्चा, मग एकाने अंतिम निर्णय घ्यायचा, मग लोकांवर पूर्वचाचणी, आणि कुठला शब्द का निवडला याची नोंद. आपल्या घाईत गाळली जाते ती पूर्वचाचणी आणि ती नोंद. दहा घरांत जाऊन नुसतं 'हो-नाही' घ्यायचं नाही. विचारायचं, 'काका, हा प्रश्न तुम्हाला काय समजला? तुमच्या शब्दांत सांगा ना.' या एका वाक्यात जेवढं सापडतं, तेवढं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

'पण मग तुलना कशी करायची?'

याला एक खरा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. प्रत्येक गावात शब्द बदलले तर केनिया आणि सोलापूरची तुलना कशी करायची? सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, हीच तर सर्वेक्षणाची ताकद.

बरोबर. पण एकच प्रश्न म्हणजे एकच अर्थ. शब्द सारखा आणि अर्थ वेगळा असेल, तर आपण तुलना करतच नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका तक्त्यात शेजारी बसवतो, एवढंच.

अर्थात, स्थानिक शब्द घातला की काम फत्ते, असंही नाही. दक्षिण सुदानमधले दिंका पशुपालक गाई खंगत जाण्याच्या एका आजाराला 'लिएई' म्हणतात. संशोधकांनी पशुपालकांकडून लक्षणं समजून घेतली, जनावरं तपासली, तेव्हा दिसलं की या एका नावाखाली यकृतातले चपटे कृमी, माशीतून पसरणारा ट्रिपॅनोसोमा आणि इतर परजीवी असे अनेक मामले एकत्र नांदताहेत. पशुपालक चुकीचे नव्हते. ते दिसतं त्याला नाव देत होते, प्रयोगशाळा कारणाला नाव देते. अशा वेळी 'लिएई म्हणजे अमुक रोग' असं भाषांतर करून टाकलं असतं तर औषधही भलतंच गेलं असतं. म्हणून आजाराचं नाव विचारण्यापेक्षा लक्षणं विचारावीत: लाळ गळते का, खुरांत जखमा आहेत का, रवंथ बंद आहे का, कासेला गाठ आहे का. ही लक्षणं सगळीकडे सारखी. तुलना इथे करा.

पशुपालकांच्या भाषेला मान दिला तर काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण आहे बुळकांडी. हा आजार २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग. शेवटच्या टप्प्यात आफ्रिकेच्या दुर्गम भागात रोग कुठे लपलाय हे शोधताना पशुपालकांच्या आठवणी, त्यांची नावं, त्यांनी सांगितलेली लक्षणं यांचा आधार घेतला गेला. छापील फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांना जे सापडलं नसतं, ते गप्पांत सापडलं.

मराठी म्हणजे कुठली मराठी?

यावर उपाय 'शुद्ध मराठी' हाही नाही. २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली आणि बघता बघता हा शब्द गोठ्यागोठ्यांत पोहोचला. आता तिथे संस्कृतातून घडवलेला प्रतिशब्द घालून कुणाचं भलं होणार? जो शब्द लोकांनी घेतला तो आपला. उलट 'कासदाह' शुद्ध आहे, पण बऱ्याच ठिकाणी 'दगडी' म्हटल्यावर चेहऱ्यावर ओळख उमटते. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली. तिथे प्रमाण मराठी प्रश्नावली हीसुद्धा एका अर्थी परक्या भाषेतलीच. सर्वेक्षक जागच्या जागी तोंडी भाषांतर करतो, प्रत्येक जण आपापलं, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

शब्दांपलीकडेही संस्कृती आहे. 'गेल्या बारा महिन्यांत' हे आपलं कॅलेंडर. गोठ्याचं कॅलेंडर पोळ्यापासून किंवा बेंदरापासून, दिवाळीपासून, पहिल्या पावसापासून चालतं. गाईचं वय वर्षांत विचारलं तर अंदाजे आकडा मिळेल, 'कितवं वेत?' विचारलं तर नेमकं उत्तर मिळेल. बैलगाडा शर्यतीचं वेड असलेल्यांना तर माहीतच आहे: आदत, दुसा, चौसा. दातांवरून वय. 'पूर्णपणे सहमत, काही प्रमाणात सहमत, तटस्थ' ही पाच पायऱ्यांची शिडी आपल्याला गुगल फॉर्ममुळे सवयीची झालीय. आजींसमोर ती ठेवली तर त्या पाहुण्या पोरीचा मान राखायला 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत राहतात. त्यापेक्षा शंभर शेंगदाणे द्या आणि म्हणा, 'आजी, जनावरं जेवढी आजारी पडतात त्यात कुठल्या आजाराचा वाटा किती, त्याच्या ढिगाऱ्या करा.' ही गंमत नाही, पशुआरोग्याच्या संशोधनातली मान्य पद्धत आहे.

आणि उत्तर कोण देतंय? प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख' लिहिलं की दादा खुर्ची ओढून बसतात. धार काढणारी, शेण काढणारी, गाभण गाईवर रात्री नजर ठेवणारी वहिनी आतून चहा पाठवते. तिला न विचारता कासेचा आजार मोजणं म्हणजे मॅच न बघितलेल्या माणसाकडून स्कोअर घेणं.

मग आपण काय करायचं?

हे सगळं प्रकल्पप्रमुखांना सांगायला हवं, हे खरं. भाषांतर आणि पूर्वचाचणीसाठी वेगळे दिवस आणि वेगळे पैसे हवेत. भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि शब्दनिवडीची कारणं अहवालात हवीत. पदव्युत्तर प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत 'सॅम्पल साइज किती?' विचारतात, तसंच 'हा शब्द गावात कुणाला विचारून घेतला?' हेही विचारायला हवं.

पण या साखळीत दोन्ही भाषा येणारे, गोठ्यात पाय ठेवणारे आणि लॅपटॉपवर डेटा भरणारेही आपणच असतो. चूक सगळ्यात आधी आपल्यालाच दिसते. मावशी बिचकलेल्या आपण बघतो, सरांनी बघितलेलं नसतं. अशा वेळी 'फॉर्ममध्ये आहे तसंच विचारा' म्हणून पुढे जाणं सोपं आहे. फॉर्मामागे पैसे मिळत असले तर आणखीच सोपं. तरी समासात लिहा: 'प्रश्न १४ कळत नाही. लोक गाभडणे म्हणतात.' संध्याकाळच्या मीटिंगमध्ये बोला. ऐकलं नाही तर पुन्हा बोला. आणि मनाला येईल तसा शब्द एकट्याने बदलू नका. बदल सगळ्यांनी मिळून, लिहून करायचा. नाहीतर एका घोळात दुसऱ्या घोळाची भर.

आपल्यातली बरीच मुलं गावातून आलेली. कॉलेजात आल्यावर 'गाभडली', 'वार पडली', 'म्हैस उलटली' असे शब्द बोलायची लाज वाटायला लागते, कारण ते 'गावठी' ठरतात. या क्षेत्रात नेमके तेच शब्द म्हणजे कौशल्य. इंग्रजी शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. हे शब्द शिकवणारा क्लास फक्त आपल्या आजीच्या गोठ्यात आहे, आणि तो कायम उघडा राहणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे. त्यांची लस, त्यांचं औषध, त्यांच्यासाठीचा निधी कुठे जाणार हे आकड्यांवरून ठरतं. आकडे उत्तरांवरून येतात आणि उत्तरं प्रश्नावरून. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'तुला मराठी येतं ना?' विचारलं, तर 'येतं' म्हणा आणि लगेच पुढे जोडा, 'पण सर, दोन दिवस नाही, दोन आठवडे लागतील. आणि दहा गोठे फिरावे लागतील.'